क्रमवारीत चारशेच्या आसपास: एका युक्रेनियन टेनिसपटूचे प्रकरण

या प्रकरणातील खेळाडूला आपण ‘क्ष’ म्हणू. ती युक्रेनच्या खार्किव शहरातील व्यावसायिक टेनिसपटू आहे. तिची ओळख पटू नये म्हणून वय, क्लब, क्रमवारीतील नेमके स्थान आणि काही स्पर्धांचे तपशील मोघम ठेवले आहेत. स्पर्धांचे नियम, गुण आणि रकमा मात्र जशाच्या तशा दिल्या आहेत.

युद्ध आणि टेनिस या विषयावर आपल्याकडे जे छापून येते ते बहुधा युक्रेनच्याच एलिना स्वितोलिना, मार्ता कोस्त्युक किंवा २०२४ मध्ये पात्रता फेरीतून थेट ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्य फेरीपर्यंत गेलेल्या दयाना यास्त्रेम्स्का यांच्याविषयी असते. त्यांचे यश मोठे आहे, पण व्यावसायिक टेनिस खेळणाऱ्या बहुसंख्य मुली या पातळीच्या कितीतरी खाली असतात. तिथे एका पराभवाने घरभाड्याचा प्रश्न उभा राहतो आणि एका चुकीच्या प्रवेशअर्जाने महिना वाया जातो. ‘क्ष’चे प्रकरण मला महत्त्वाचे वाटते ते यासाठी, की तिच्या फोरहँडपेक्षा, राहायचे कुठे, खेळायचे कोणत्या दर्जाच्या स्पर्धेत आणि थांबायचे कधी या तीन निर्णयांनी तिच्या कारकिर्दीची दिशा ठरवली.

पार्श्वभूमी

खार्किव हे रशियाच्या सीमेपासून जेमतेम ३०-४० किलोमीटरवरचे मोठे औद्योगिक शहर. ‘क्ष’चे वडील वीजविभागात नोकरीला, आई शाळेत शिक्षिका. सहाव्या वर्षी तिच्या हातात रॅकेट आली आणि नवव्या वर्षापासून २०२२ पर्यंत तिला एकच प्रशिक्षक लाभले. सतराव्या वर्षी ती व्यावसायिक झाली, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या सर्वात खालच्या दर्जाच्या स्पर्धांत उतरली.

या स्पर्धांना तेव्हा डब्ल्यू १५ आणि डब्ल्यू २५ म्हणत. आकडा एकूण बक्षीसरकमेचा, म्हणजे १५ हजार किंवा २५ हजार डॉलरचा असे. डब्ल्यू १५ जिंकणाऱ्या खेळाडूला एकेरीचे २,३५२ डॉलर मिळत आणि मुख्य फेरीत पहिल्याच सामन्यात हरणारीला १४७. यातून करही कापला जातो. तुर्कस्तानातील अंताल्या, ट्युनिशियातील मोनास्टिर आणि इजिप्तमधील शर्म अल-शेख येथे अशा स्पर्धा आठवड्यामागून आठवडा, त्याच हॉटेलच्या आवारात होत राहतात. तिथे मुक्काम ठोकून ओळीने तीन-चार स्पर्धा खेळल्या की विमानभाडे एकदाच पडते, म्हणून या पातळीच्या खेळाडूंचा ओढा तिकडे असतो.

२०२१ च्या अखेरीस ‘क्ष’ एकेरीच्या जागतिक क्रमवारीत चारशेच्या आसपास होती. ग्रँड स्लॅमच्या पात्रता फेरीत जागा मिळणे हे तिचे पुढचे ध्येय होते आणि त्यासाठी साधारण २२० ते २४० पर्यंत पोहोचावे लागते. हा टप्पा किती निर्णायक आहे हे एका तुलनेवरून कळेल. २०२४ मध्ये विम्बल्डनच्या पात्रता फेरीत पहिल्याच सामन्यात हरलेल्या खेळाडूलाही १५ हजार पौंड मिळाले. डब्ल्यू १५ ची सात-आठ विजेतेपदे मिळवूनही जेमतेम तेवढेच पैसे हातात येतात.

अडचण

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने आक्रमण केले तेव्हा ‘क्ष’ अंताल्यात होती. युक्रेनचे हवाईक्षेत्र त्याच दिवशी नागरी वाहतुकीसाठी बंद झाले आणि तिचे परतीचे तिकीट निरुपयोगी ठरले. सोबत दोन आठवड्यांचे कपडे, तीन रॅकेट आणि रॅकेटच्या तारेचे अर्धे रीळ होते. १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडण्यास मनाई झाल्यामुळे वडील आणि प्रशिक्षक दोघेही तिकडेच राहिले. आई रेल्वेने ल्विव आणि तिथून सीमा ओलांडून पोलंडला आली.

भावनिक धक्का केवढा होता हे सांगायला नको. कारकिर्दीच्या अंगाने मात्र तीन गोष्टी एकाच दिवशी गेल्या, त्या नीट मोजल्या पाहिजेत. फुकट सरावाची जागा गेली. तेरा वर्षे सोबत असलेला प्रशिक्षक गेला. आणि खर्चाची तूट भरून काढणारे घर गेले, कारण आता कुटुंबालाच तिच्या पैशांची गरज होती.

यावर क्रमवारीच्या पद्धतीचा भार पडतो. महिलांची जागतिक क्रमवारी मागच्या ५२ आठवड्यांच्या गुणांवर चालते. गेल्या वर्षी एखाद्या आठवड्यात मिळवलेले गुण वर्ष पुरे होताच गळतात, आणि त्या सुमारास तेवढेच नवे गुण मिळाले नाहीत तर खेळाडू खाली घसरते. आजारी, जखमी किंवा बाळंतपणासाठी थांबलेल्या खेळाडूंसाठी विशेष क्रमवारीची सोय आहे, म्हणजे त्या परतल्यावर काही स्पर्धांना जुन्या स्थानावर प्रवेश घेऊ शकतात. ही सोय शरीराच्या कारणांसाठी बांधलेली आहे. जिचे शरीर धडधाकट आहे पण शहरावर क्षेपणास्त्रे पडत आहेत, तिच्यासाठी त्यात जागा नव्हती. ‘क्ष’ने स्वस्थ बसून विचार करायचे ठरवले असते तरी दर सोमवारी तिचे गुण गळत राहिले असते. पुढचे सगळे निर्णय या दबावाखाली झाले.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय खेळ थांबवण्याचा होता. युरोपीय संघाने मार्च २०२२ मध्ये तात्पुरत्या संरक्षणाचा निर्देश लागू केला आणि त्यामुळे युक्रेनियन नागरिकांना सदस्यदेशांत राहण्याचा व काम करण्याचा हक्क मिळाला. पोलंडमध्ये मुलांना टेनिस शिकवून आईसोबत घर चालवणे शक्य होते. ‘क्ष’ला ते नको होते, आणि बाविशीतल्या खेळाडूला ते नको असणे मला समजते.

दुसरा पर्याय अमेरिकी विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीचा. अनेक युरोपीय मुली या वाटेने जातात, शिक्षण होते आणि उत्तम सरावही मिळतो. तिने दोन-तीन ठिकाणी चौकशी केली, पण तिथल्या महाविद्यालयीन संघटनेचा नियम आड आला. शाळा संपल्यावर ठरावीक मुदतीनंतरही स्पर्धा खेळत राहिलेल्या खेळाडूची पात्रतेची वर्षे कमी होत जात आणि प्रवेशापूर्वी घेतलेल्या बक्षीसरकमेवरही तेव्हा मर्यादा होती. सतराव्या वर्षी व्यावसायिक होताना घेतलेल्या निर्णयाने हा दरवाजा तेव्हाच बंद झाला होता. त्या वयात कुणी तिला हे समजावून सांगितले नव्हते.

तिसरा पर्याय अंताल्यातच राहून डब्ल्यू १५ खेळत राहण्याचा. प्रवास नाही, मुख्य फेरीत जागा जवळपास नक्की, आणि दर आठवड्याला गुणांची आशा.

चौथा पर्याय जर्मनीतील एका क्लबचा होता. जर्मनीत महिलांच्या सांघिक लीगला मोठी परंपरा आहे. वसंताच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत क्लबांचे संघ एकमेकांशी भिडतात, एका लढतीत सहा एकेरी आणि तीन दुहेरी सामने होतात आणि वरच्या गटांतील क्लब बाहेरच्या खेळाडूंना प्रत्येक सामन्याचे मानधन देतात. ‘क्ष’च्या ओळखीची एक खेळाडू अशा क्लबकडून खेळत होती. तिने मार्चमध्येच शब्द टाकला होता: राहायला खोली, कोर्ट, मानधन, आणि बदल्यात लीगचे सामने व आठवड्यातील चार दुपारी मुलांचे प्रशिक्षण. मात्र या लीगमधून जागतिक क्रमवारीचा एकही गुण मिळत नाही.

पहिला निर्णय आणि त्याचे वर्ष

‘क्ष’ने तिसरा पर्याय निवडला. तिचा युक्तिवाद सरळ होता: गुण गळत आहेत, म्हणून गुण मिळतील तिथे राहायचे, लीगमध्ये गुण नाहीत, म्हणून जर्मनी नंतर पाहू.

या ठिकाणी थोडे रेंगाळायला हवे, कारण प्रकरणाचे मर्म इथे आहे. त्या वेळच्या गुणतक्त्यानुसार डब्ल्यू १५ चे विजेतेपद म्हणजे १० गुण, उपविजेतेपद ६, उपांत्य फेरी ४ आणि उपांत्यपूर्व फेरी २ गुण. डब्ल्यू २५ मध्ये नुसत्या उपांत्यपूर्व फेरीचे ९ गुण होते, उपांत्य फेरीचे १८ आणि विजेतेपदाचे ५०. बत्तीस जणींच्या सोडतीत विजेतेपदाला पाच सामने जिंकावे लागतात आणि उपांत्यपूर्व फेरीला दोन. म्हणजे खालच्या स्पर्धेत पाच विजयांनी जे मिळते ते वरच्या स्पर्धेत दोन विजयांनी जवळपास मिळून जाते. चारशेच्या आसपास असताना ‘क्ष’ला बऱ्याच डब्ल्यू २५ स्पर्धांत थेट प्रवेश मिळू शकत होता. क्रमवारीतील ही ताकद तिच्याकडे काही महिनेच राहणार होती आणि ते महिने तिने डब्ल्यू १५ मध्ये घालवले.

खर्चाचेही गणित जमले नाही. अशा ठिकाणी बहुधा आयोजकांच्या ठरलेल्या हॉटेलातच पॅकेज घेऊन राहावे लागते, आणि पहिल्या फेरीतील पराभवाच्या १४७ डॉलरमध्ये दोन-तीन रात्रींपेक्षा जास्त काही भागत नाही. महासंघाच्याच पाहणीनुसार २०१३ मध्ये प्रशिक्षकाचा खर्च वगळून एका महिला खेळाडूला वर्षाला सरासरी ४०,१८० डॉलर लागत होते आणि खर्च भागून हाती शून्य उरण्याची रेषा महिलांमध्ये २५३ व्या स्थानाच्या आसपास होती. ‘क्ष’ त्या रेषेपासून दूर होती आणि आणखी दूर जात होती.

कोर्टवरची परिस्थितीही वेगळ्या अर्थाने कठीण होती. रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना ध्वजाशिवाय खेळण्याची मुभा होती आणि अंताल्याला रशियातून थेट विमाने येत असल्याने तिथे त्यांची संख्या मोठी असे. न्याहारीच्या टेबलापासून सरावाच्या कोर्टपर्यंत सगळीकडे त्याच मुली. ‘क्ष’ने सामन्यानंतर हस्तांदोलन न करण्याचे ठरवले आणि ते पाळले. २०२३ च्या फ्रेंच ओपनमध्ये कोस्त्युकने हस्तांदोलन टाळले तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि जगभर चर्चा झाली. इथे प्रेक्षकच नव्हते. पंच, दोन खेळाडू आणि पुढच्या सामन्याची वाट पाहणाऱ्या आणखी दोघी. त्यांतल्या काही जणींबरोबर ती कनिष्ठ गटात दुहेरी खेळली होती.

खार्किवमध्ये हवाई हल्ल्याचा इशारा झाला की तिच्या फोनवरील ॲपही वाजे. वडिलांशी ठरले होते की रोज सकाळी ते फक्त ‘+’ हे चिन्ह पाठवतील; ते आले की सगळे ठीक. एका सामन्याच्या सकाळी ते आले नाही. ती कोर्टवर उतरली, पहिला सेट पाऊण तासाच्या आत हरली आणि दुसऱ्या सेटमध्ये पोटाचा स्नायू दुखावून बाहेर पडली. वीज गेल्याने वडिलांचा फोन बंद होता, एवढेच निघाले. त्यानंतर ॲप आणि सकाळचा संदेश दोन्ही आईच्या फोनवर गेले, आणि सामना संपेपर्यंत काहीही सांगायचे नाही असे मायलेकींनी ठरवले. हा तोडगा कुठल्याही मानसोपचारतज्ज्ञाने सुचवलेला नव्हता. तज्ज्ञ परवडतही नव्हता.

पैशाची चणचण कुणाच्या नजरेतून सुटत नाही. त्या वर्षाच्या हिवाळ्यात एका अनोळखी खात्यावरून तिला संदेश आला: ठरलेला सेट हरायचा आणि डब्ल्यू १५ च्या विजेतेपदाहून मोठी रक्कम घ्यायची. टेनिसमधील गैरप्रकारांच्या स्वतंत्र चौकशीत २०१८ साली ३,२०० हून अधिक खेळाडूंना विचारले असता १४.५ टक्के जणांनी सामनानिश्चितीची प्रत्यक्ष माहिती असल्याचे सांगितले होते. ‘क्ष’ने संदेश जपून ठेवला आणि टेनिसच्या सचोटी संस्थेकडे तक्रार केली. असा प्रस्ताव आल्यास कळवणे नियमाने बंधनकारक असते, आणि न कळवणाऱ्या खेळाडूवरही कारवाई होते. त्या वर्षातला हा एक निर्णय तिने क्षणभरही न रेंगाळता घेतला.

पोटाच्या दुखापतीनंतर तिने पुरेशी विश्रांती घेतली नाही. तीन आठवड्यांत परतली, पुन्हा दुखावली. २०२३ च्या वसंतापर्यंत ती सहाशेच्या पलीकडे गेली होती. आता डब्ल्यू २५ मध्येही पात्रता फेरीपासून सुरुवात करावी लागणार होती.

दुसरा निर्णय: जर्मनी

क्लबचा प्रस्ताव वर्षानंतरही खुला होता, हे तिचे भाग्य. एप्रिल २०२३ मध्ये मायलेकी पश्चिम जर्मनीतील त्या गावी आल्या. क्लबच्या एका सभासदाने घराचा वरचा मजला दिला.

इथे आल्यावर कामाची पद्धत बदलली. क्लबच्या प्रशिक्षकाने पहिल्या बैठकीतच तिला मागच्या वर्षाचे सगळे गुण आठवड्यांनुसार एका कागदावर मांडायला लावले: कोणत्या आठवड्यात किती गळणार, आणि कोणत्या आठवड्यात गळण्यासारखे काहीच नाही. ज्या आठवड्यांत काही गळत नाही त्यांत सराव, उपचार आणि लीगचे सामने बसवायचे. स्पर्धा निवडताना तीन अटी ठरल्या: रेल्वेने किंवा बसने जाता यावे, दर्जा डब्ल्यू २५ किंवा वरचा असावा, आणि दुहेरीही खेळता यावी. दुहेरीची अट तिला सुरुवातीला पटली नव्हती. पण जोडीदारणीबरोबर खोलीभाडे निम्मे होते, एकेरीत लवकर हरले तरी आठवडा वाया जात नाही, आणि दुहेरीची क्रमवारी सुधारली की मोठ्या स्पर्धांच्या आवारात शिरकाव होतो.

प्रवेशअर्जाची शिस्तही लागली. या स्पर्धांसाठी अर्जाची मुदत स्पर्धेच्या सोमवारच्या १८ दिवस आधीच्या गुरुवारी संपते आणि दंडाशिवाय नाव मागे घेण्याची मुदत १३ दिवस आधीच्या मंगळवारी. आधी ती अनेक ठिकाणी अर्ज टाकून शेवटच्या क्षणी ठरवत असे, त्यामुळे तिकिटे महाग पडत. आता मंगळवारी प्रवेशयादी पाहायची आणि त्याच दिवशी तिकीट काढायचे, हा नियम झाला.

उत्पन्नात एका साध्या कामाने भर घातली. तिला रॅकेटचे गटिंग, म्हणजे रॅकेटला तारा बसवणे, उत्तम येत होते, कारण स्पर्धेच्या ठिकाणचे पैसे वाचवण्यासाठी ते लहानपणीच शिकली होती. एका रॅकेटला साधारण १२ मीटर तार लागते, म्हणजे २०० मीटरच्या रिळात सोळा रॅकेट होतात. क्लबच्या सभासदांचे गटिंग ती संध्याकाळी करू लागली आणि स्वतःच्या तारांचा वर्षाचा खर्च त्यातून सुटला. ही बाब किरकोळ वाटेल, पण या पातळीवर हिशेब अशाच गोष्टींनी जुळतो.

जुने प्रशिक्षक खार्किवमधून आठवड्यातून एकदा तिचे सामने व्हिडिओवर पाहून टिपणे पाठवत. क्लबच्या प्रशिक्षकाने त्याला आक्षेप घेतला नाही, उलट सर्व्हिसच्या पायांच्या हालचालीबाबत त्यांचेच ऐकायला सांगितले. त्याचा हा मोकळेपणा मला विशेष वाटतो.

एक प्रस्ताव विचारात घेऊन सोडून दिला गेला, तो महाराष्ट्रातील वाचकांना जवळचा वाटेल. हिवाळ्यात जर्मनीत आच्छादित कोर्टचे भाडे भारी पडते आणि त्याच सुमारास पुण्यात डेक्कन जिमखान्यावर व भारतातील इतर शहरांत महिलांच्या स्पर्धा होतात. सोडतीत जागा मिळणे तुलनेने सोपे असते, हवा उत्तम असते. पण विमानभाडे, व्हिसा आणि परदेशी खेळाडूच्या बक्षिसावर उपकरासह २०.८ टक्के कर हे जमेस धरल्यावर, किमान दोन उपांत्य फेऱ्या गाठल्याशिवाय दौरा तोट्यात जाणार होता. आपल्याकडच्या मुली युरोपला निघताना हाच हिशेब उलट बाजूने मांडतात. फरक इतकाच की हरल्यावर त्यांना परत यायला घर असते.

निष्पत्ती

पहिल्या उन्हाळ्यात क्रमवारी आणखी थोडी घसरली, कारण लीगच्या आठवड्यांत गुण मिळत नव्हते. प्रशिक्षकाने हे आधीच सांगून ठेवले होते, म्हणून ती डगमगली नाही. शरद ऋतूपासून गाडी वळली. २०२४ च्या सुरुवातीला स्पर्धांची रचना बदलली, डब्ल्यू २५ च्या जागी डब्ल्यू ३५ आले आणि विजेतेपदाचे गुण ५० वरून ३५ झाले. तरीही वर्षाअखेरीस ती पुन्हा चारशेच्या आत होती. २०२५ मध्ये ती काही काळ तीनशेच्या उंबरठ्यावर पोहोचली. दुहेरीत तिचे स्थान याहून बरेच वर आहे.

ग्रँड स्लॅमची पात्रता फेरी तिने अजून खेळलेली नाही. पैशांच्या बाबतीत वर्ष जेमतेम समेवर येते, तेही लीगचे मानधन, शिकवणी आणि गटिंग धरून. बक्षीसरकमेवर एकटीने जगणे तिला आजही शक्य नाही. वडील खार्किवमध्येच आहेत.

वेगळे काय करता आले असते

क्लबचा पर्याय वर्षभर आधी स्वीकारला असता तर चारशेच्या आसपासचे स्थान हाताशी असताना तिला वरच्या दर्जाच्या स्पर्धा जर्मनीतूनच खेळता आल्या असत्या. मला वाटते हे या प्रकरणातील सर्वात महाग पडलेले वर्ष. मात्र तेव्हा तिच्याभोवती निर्णयाला मदत करणारे कुणीच नव्हते, हेही लक्षात घेतले पाहिजे. गुणांचा तो एक कागद कुणीतरी मार्च २०२२ मध्येच तिच्यासमोर ठेवायला हवा होता.

दुखापतीच्या वेळी घाईने परतणे ही दुसरी चूक, आणि तिचे मूळ पहिलीत आहे. हॉटेलच्या खोलीचे भाडे रोज चढत असेल तर कुणीही विश्रांती घेत नाही.

तिसरी गोष्ट तिच्या हातातली नव्हती. विशेष क्रमवारीच्या नियमात युद्धामुळे विस्थापित खेळाडूंसाठी, अगदी मर्यादित स्पर्धांपुरती का होईना, तरतूद असती तर तिला सहा महिने थांबून घर उभे करता आले असते. मातृत्वासाठी ही सोय नीट चालते. तीच वागणूक खालच्या पातळीवरच्या, घर गमावलेल्या मुलींना देण्यात मला कोणतीही तांत्रिक अडचण दिसत नाही.

पुढचा निर्णय आता जवळ आला आहे. तात्पुरत्या संरक्षणाची मुदत सध्या मार्च २०२७ पर्यंत वाढवलेली आहे आणि त्यानंतर जर्मनीत राहण्यासाठी तिला नोकरीच्या आधारावर परवाना घ्यावा लागेल. क्लबने प्रशिक्षक-परवान्याचा अभ्यासक्रम करून पूर्ण पगारी काम घेण्याचे सुचवले आहे. ‘क्ष’ने अभ्यासक्रम करायचे मान्य केले, पण तारखा स्वतः निवडल्या: वर्षातील ज्या आठवड्यांत तिचे सर्वात कमी गुण गळतात, नेमके ते आठवडे.